उरलेल्या वाइनचं मटण

अक्का, माझ्या अक्षराला हसू नका. शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, ओळी खाली-वर गेल्या असतील, तर माफ करा. तुम्ही थोरल्या जाऊ, तुमची दहावी झालेली, तुम्हाला चुका लगेच दिसतात. तशी ही वही तुमच्या हातात पडायची नाही. पण तोंडावर मला बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बोलायला गेले की मी पदर मुठीत धरून उभी राहते. लिहिताना तसं होत नाही, म्हणून लिहिते.

निघाले तो दिवस तुम्हाला आठवतो का? नरडाणा फाट्यावर धुळ्याकडं जाणारी एसटी यायची होती. तुमचे नाना मोटारसायकलवरून उतरले नाहीत, रस्त्याकडं तोंड करून बसून राहिले. तुम्ही माझ्या हातात पिशवी दिली. तीत दादर ज्वारीचं पीठ, लसणाची चटणी आणि माझ्याच दोन साड्या. आठ वर्षं त्या घरात राबले आणि निघताना सगळं एका पिशवीत मावलं. एसटी आली तेव्हा तुम्ही कंडक्टरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालात, "घरनं नाव खराब करू नको वं. बापू तठे शे, त्यानं आयकजो."

मी खिडकीजवळ बसले. मागं वळून पाहिलं नाही, असं लोक लिहितात. मी पाहिलं. तुम्ही पाठ फिरवून कापडाच्या दुकानात शिरत होतात.

मला का घालवलं तेही लिहून ठेवते. त्याआधी पंधरा दिवस कानबाईचे रोट झाले होते. आपल्या घरी रोटाच्या दळणासाठी प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठमूठ गहू काढतात. नानांच्या नावाची मूठ झाली, तुमच्या प्रशांतच्या नावाची झाली. माझ्या माणसाची मूठ त्या वर्षी नव्हती. वैशाखात दारूनं त्याला नेलं होतं. तुम्ही सूप खाली ठेवलं आणि भाऊबंदांच्या बायांसमोर म्हणालात, "सुमनना मानूसनी मूठ आते ऱ्हायनी नहीं. इले आते कोन पोसी?" एकही बाई हसली नाही, पण बोललंही कोणी नाही. मीही नाही. माझी माय म्हणायची, बोलणाऱ्याची बोरं विकली जातात आणि गप्प बसणाऱ्याचे आंबे टोपलीत सडतात. मी टोपलीतच होते.

तुमचा भाऊ बापू नाशिकला एका बंगल्यावर ड्रायव्हर होता. त्याच बंगल्यात त्यानं मला स्वयंपाकाला लावलं. साहेब आणि मॅडम दोघंच राहायचे, मुलं परदेशात. मागच्या बाजूला मला एक खोली दिली. पहिले चार दिवस मी कुणाशी बोललेच नाही. मॅडमनी विचारलं, "सुमन, तुला बोलता येतं ना?" मी मान हलवली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग मीठ जास्त झालं तर मीच सांगेन, तू ऐक."

नाशिककडं द्राक्षं फार आणि वाइनही फार. साहेबांकडं दर आठवड्याला पाहुणे जेवायला यायचे. बाटल्या उघडल्या जायच्या आणि कधी संपायच्या नाहीत. कुठं पाव उरलेली, कुठं अर्धी. दुसऱ्या दिवशी ओट्यावर त्या रांगेनं उभ्या असायच्या. तो वास मला ओळखीचा नव्हता, आपल्या हातभट्टीसारखा नव्हता, पण बाटली ती बाटलीच. घरी मी माझ्या माणसाची बाटली सापडली की उकिरड्यावर ओतायचे आणि मार खायचे. इथं मारणारा कोणी नव्हता.

एका रविवारी दुपारी पाहुणे यायचे होते. मी सकाळी ओटा आवरायला घेतला. उरलेल्या तीन बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या. चौथी बाजूला टेबलावर होती, भरलेली, पण बूच काढलेली. मी म्हटलं, उघडली म्हणजे उरलेली. तीही ओतली. गडगड गडगड करत ती गेली तेव्हा मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

ती साहेबांनी परदेशातून आणलेली बाटली होती. जेवणाआधी तिला हवा लागू द्यायची असते म्हणून त्यांनीच बूच काढून ठेवलं होतं. दारूला हवा लावतात, हे नरडाण्याच्या बाईला कुठून ठाऊक असणार? आमच्याकडं बूच निघालं की बाटली घशातच जाते.

साहेबांनी रिकामी बाटली पाहिली, बेसिनचा लाल डाग पाहिला आणि डोक्याला हात लावला. मग आत निघून गेले. मॅडम म्हणाल्या, "जाऊ दे." पण 'जाऊ दे' म्हणजे मला जाऊ दे की चुकीला जाऊ दे, हे मला कळेना आणि विचारण्याचं धाडस नव्हतं. संध्याकाळी बापूनं गाडी धुता धुता मला बोलावलं. "अकरा हजारनी बाटली व्हती ती. साहेब पैसा मांगी ऱ्हायनात. मनं नाक कापं तू." दोन दिवसांनी तुमचा फोन आला. तुम्ही रडत होतात. मला वाटलं, माझ्यासाठी रडताहेत. तुम्ही म्हणालात, बापूच्या हातानं साहेबांना अकरा हजार पोहोचवले, घराची इज्जत राखली, आता तू फेड. मी फोनवरच तुमच्या पाया पडले, अक्का. खोलीत एकटी होते तरी खाली वाकले होते.

तेव्हा मला महिना नऊ हजार मिळायचे. त्यातले पाचशे दर महिन्याला प्रशांतच्या फोनवर पाठवायचे. असे बावीस महिने पाठवले. एकदा दाढ दुखत होती, डॉक्टरकडं गेले नाही, लवंग धरली आणि पाचशे पाठवले. एवढंच लिहिते, बाकीच्या महिन्यांचं काय लिहायचं?

या बावीस महिन्यांत मी वाइन शिकले. प्यायला नाही. कच्ची ती मी अजूनही जिभेवर घेतलेली नाही. त्या रविवारनंतर मॅडमनी मला ओट्याजवळ उभं केलं. "ओतायचीच असेल तर बेसिनमध्ये नको, पातेल्यात ओत," त्या म्हणाल्या. कांदा परतून त्यांनी मश्रूम टाकले आणि वरून अर्धा पेला पांढरी वाइन. भस्सकन वाफ आली. मी मागं सरकले. त्या वाफेत दारूचा वास होता. मॅडम म्हणाल्या, "थांब. पळू नको. वास जाईपर्यंत बघत राहा."

मी बघत राहिले. वास आधी वर चढला, मग पातळ झाला, मग गेला. मागं फक्त द्राक्षाचा आंबटपणा राहिला, चिंचेसारखा, पण चिंचेपेक्षा शहाणा. त्या दिवशी मला एक गोष्ट समजली. हिला उकळलं की हिच्यातली दारू मरते. जिनं माझा माणूस आठ वर्षांत पिऊन टाकला, तिला मी पाच मिनिटांत मारू शकते, झाऱ्यानं, उभ्या उभ्या. तेव्हापासून बाटली उरली की मी वाटच बघायचे. मॅडमना वाटायचं, सुमनला स्वयंपाकाची हौस लागली. लागली होतीच. पण गॅस मोठा करून मी तिला आटवायला ठेवायचे तेव्हा मनात म्हणायचे, घे, आता तू जळ.

चुका पुष्कळ झाल्या. पहिल्यांदा लोखंडी कढईत घातली तर रस्सा काळानिळा पडला आणि तोंडात खिळा धरल्यासारखी चव आली. तेव्हापासून स्टीलचं पातेलं. एकदा वरणाला वरून फोडणी देतात तशी शेवटी घातली, तर कच्चा वास तसाच राहिला आणि साहेबांनी वाटी बाजूला सारली. भरतात घालून पाहिली. आपल्या हिरव्या वांग्याच्या भरतात, अक्का! फार वाईट लागलं. भरताला ती चालत नाही, भरत स्वाभिमानी आहे. पांढरी वाइन कोंबडीला आणि मासळीला बरी, लाल मटणाला. गोड असेल तर नासपतीच्या फोडी दालचिनी घालून तिच्यात शिजवायच्या. थोडीच उरली तर बर्फाच्या साच्यात ओतून गोठवायची आणि एकेक चौकोन काढून वापरायची. अगदीच आंबली तर बरणीत घालून तोंडाला फडकं बांधायचं, महिना-दोन महिन्यांत तिचा शिरका होतो, मॅडम त्याला व्हिनेगर म्हणतात. त्यात कांदा-मिरची टाकली की भाकरीबरोबर मजा येते. मी खोलीत अशा दोन बरण्या ठेवते.

आणि मटण. आपलंच काळ्या मसाल्याचं. कांदा-खोबरं विस्तवावर भाजायचं, वाटायचं, कडेनं तेल सुटेपर्यंत परतायचं आणि पाणी घालायच्या आधी एक पेला उरलेली लाल वाइन. वास पूर्ण जाईपर्यंत परतत राहायचं, मग आधी शिजवलेलं मटण त्याच्या गरम पाण्यासकट. मसाल्याचा जाळ तसाच राहतो, पण घशाशी टोचत नाही. साहेबांच्या पाहुण्यांनी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा वाट्या पुन्हा पुढं आल्या. मी दाराआड उभी होते. मॅडमनी हात धरून मला बाहेर आणलं. मी मान वर केली नाही, पण कान उघडे ठेवले होते.

मग पाहुणे आपल्या घरच्या जेवणावळींना मला बोलवायला लागले. मॅडम स्वतः म्हणाल्या, जा, कमव. आता मी त्यांच्याकडं सकाळचंच करते. सातपूरला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आहेत. आमच्या गल्लीत अमळनेरची एक आहे, शिरपूरच्या दोघी आहेत. कोणाला सासूनं काढलं, कोणी स्वतः निघाली. उन्हाळ्यात गच्चीवर आम्ही ज्वारीच्या बिबड्या वाळत घालतो आणि मन भरून आपापल्या लोकांना शिव्या देतो. मी कमी देते. मला येत नाहीत.

गावात मात्र तुम्ही माझं वेगळंच सांगत होतात. चुलत पुतणीच्या लग्नाला मी आले होते. बाया खापरावर मांडे करत होत्या. माझा हात मांड्याला चांगला, हे तुम्हीच पूर्वी सांगायच्या. मी पदर खोचून बसायला गेले तर एका बाईनं परात ओढून घेतली. "ऱ्हावू दे वं. तू दारूमा हात घालस म्हने." मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही खापराकडं पाहत होतात, जणू मांडा करपतोय. नाव खराब करू नको म्हणून मला पाठवलंत आणि खराब करायचं काम स्वतःकडं ठेवलंत.

त्यानंतर काही महिन्यांनी खरं कळलं. मॅडमकडं पाहुणे होते, मी वाढत होते. मॅडम हसत हसत माझ्या बाटलीची गोष्ट सांगायला लागल्या. "आणि गंमत म्हणजे," त्या म्हणाल्या, "हिला आम्ही एक शब्द बोललो नाही की एक रुपया कापला नाही. आज तीच बाटली आम्हाला दसपट परत मिळाली." सगळे हसले. माझ्या हातातला डाव रश्शात बुडाला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना आपणहून प्रश्न विचारला. "मॅडम, बापूनं तुम्हाला अकरा हजार दिले होते ना?"

"कसले अकरा हजार?"

मी सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या. बापूला आत्ता बोलावते म्हणाल्या. मी नको म्हटलं. त्यांनी विचारलं, का नको? मला सांगता आलं नाही. आता सांगते. बापूला काढलं असतं, तुम्ही फोनवर रडला असतात, नानांनी मध्यस्थी केली असती आणि मी पुन्हा पदर धरून उभी राहिले असते. मला ते पैसे माझ्या जागी, माझ्या हातानं हवे होते. मी गप्प राहिले. लाजरी बाई गप्प राहिली तर कोणाला काही वेगळं वाटत नाही, हा तिचा मोठा फायदा आहे.

आणि तुमचाच फोन आला. किती गोड आवाज! "सुमन, बहीण, तुना हातनं मटण पिंपळगावकडना लोकसले आवडनं म्हने." साहेबांकडं येणारे ते द्राक्षबागाईतदार, त्यांच्या मुलीचं स्थळ बापूनं प्रशांतसाठी काढलं होतं. मुलीच्या वडिलांची अट होती की बोलणी नाशिकलाच करू, आणि त्या खानदेशी बाई तुमच्या जाऊ असतील तर जेवण त्यांच्याकडंच. तुम्हाला हो म्हणावं लागलं. माझ्या दारूच्या हाताचं.

मी म्हटलं, या.

मटण सकाळीच शिजवून घेतलं. मसाला वाटून ठेवला. कळण्याच्या भाकरीचं पीठ मळलं. मॅडमकडची अर्धी बाटली लाल वाइन ओट्यावर ठेवली, झाकली नाही. पाहुणे आले, बाहेरच्या खोलीत बसले. नाना, बापू, प्रशांत, मुलगी, तिचे आईवडील. चहा झाला. मसाला परतायची वेळ आली आणि मी गॅस बंद केला. पाटावर बसले.

तुम्ही आत आलात. "काय व्हयनं वं? गॅस काबर बंद शे? बठ्ठा लोक भुक्या बसेल शेतस."

मी म्हटलं, "बाटलीना पैसा, अक्का. अकरा हजार."

"कोनता पैसा?"

"मी बावीस महिना धाडात तो. साहेबले काहीच पोहोचनं नहीं."

तुमचा चेहरा मी नीट पाहिला. माझी नजर नेहमी खाली असते, त्या दिवशी नव्हती. तुम्ही आधी दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "हळू बोल, माय. ऐकतीन त्या. हाई टाइम शे का हाई बोलानी?"

मी पाटावरच बसून राहिले. मला बोलायची गरजच नव्हती. गॅस बोलत होता, बंद राहून.

"बापूनंच सांगं माले. मी निस्ता घिदात."

"मग बापूले आत बलावू का? पाव्हणासनी समोर इचारू?"

तुम्ही माझा हात धरलात. "मना पोऱ्यानं लगीन शे वं, सुमन." बाहेरून मुलीच्या वडिलांचा आवाज आला, "काय सुमनबाई, आज वास नाही आला अजून?" आणि नाना उगाच मोठ्यानं हसले. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. मग लवंग आठवली, आणि गेलं.

तुम्ही पर्स उघडली. मुलीच्या हातावर ठेवायला आणलेलं पाकीट फाडलं. पाचशेच्या वीस नोटा निघाल्या. मी एकेक मोजली, तुमच्यासमोर, सावकाश, अंगठा ओला करून. "दोन कमी शेतस," मी म्हटलं.

"देस वं. जाताना देस."

मी गॅस पेटवला. मसाला परतला, वाइन ओतली. वाफ उठली तशी तुम्ही पदर नाकाला लावून भिंतीला टेकलात. मी तुम्हाला तिथंच उभं ठेवलं, वास जाईपर्यंत.

जेवताना मुलीच्या आईनं दोनदा रस्सा घेतला. "यात काय घालता हो तुम्ही? सांगा ना." सगळ्यांचे हात थांबले. प्रशांतनं तुमच्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "वाइन. उरलेली." मुलीचे वडील खूश होऊन म्हणाले, "बघा, आमचीच द्राक्षं असतील!" मग ते तुमच्याकडं वळले. "ताई, तुमच्या जाऊबाईंच्या हाताला तोड नाही. गावाला करत असतील सगळ्यांसाठी?"

तुमच्या तोंडात घास होता. तो गिळून तुम्ही म्हणालात, "हो ना. आमच्याकडं सगळ्यांना हिच्याच हातचं लागतं." दुसरा घासही घेतलात. मी तुमच्या वाटीत आणखी वाढलं. नको म्हणायची सोय नव्हती तुम्हाला.

मुलीच्या आईनं हात धुताना विचारलं, "मूळ घर नरडाण्याचं ना तुमचं?" तुम्ही घाईनं म्हणालात, "आमचंच घर तिचं." मी टॉवेल दिला आणि म्हटलं, "नाही. घर हेच." एवढंच बोलले, पण बोलले. पूर्वी कोणी घर विचारलं की मला ओसरी दिसायची, सूप दिसायचं, गव्हाच्या मुठी दिसायच्या आणि त्यात माझी जागा शोधत मी बसून राहायचे. आता नाही शोधत. ज्या दाराला आतून कडी मी लावते, ज्या दारातून कोणाला आत घ्यायचं ते मी ठरवते, ते माझं. भाडं भरते, तरी माझं.

पाहुणे गेले. बोलणी पक्की झाली, मला आनंद आहे, पोरगी गुणाची आहे. नाना आणि प्रशांत बापूच्या गाडीत बसले, कुठल्या तरी देवाला जाऊन मग बागेकडं जायचं म्हणाले. तुम्हाला सरळ धुळ्याची बस पकडायची होती, घरी म्हैस होती. तुम्ही चपला घातल्या. दोन नोटांचं नाव काढलं नाही. मी दारात उभी राहिले.

"जावू दे ना वं आते," तुम्ही म्हणालात. "घरनीच घरमा."

मी हात पुढं केला. तुम्ही कनवटीची पुरचुंडी सोडली, तीत दोनच पाचशेच्या होत्या आणि थोडे सुटे. नोटा तुम्ही माझ्या तळहातावर ठेवल्यात आणि सुटे मोजायला लागलात. "तिकिटले पुरतीन का नहीं, देव जाने."

मी म्हटलं, "बायासले एसटीमा आर्धं तिकीट शे, अक्का. पुरतीन."

बावीस नोटा झाल्या. अकरा हजार पुरे.